सेटिंग न उडवता एडिटर कोरा कसा सुरू करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रोज इमॅक्स हा एडिटर (मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम) वापरता, त्यात बऱ्याच वर्षांची सेटिंग साठलेली आहेत आणि सर्व्हरवर गेलात की विम हा दुसरा एडिटर वापरता. हल्ली इमॅक्समध्ये फाइल सेव्ह करताना एडिटर काही सेकंद अडकतो. एका ठरावीक प्रोजेक्टमध्ये टॅब दाबला की चारऐवजी आठ जागा सरकतात. कोणीतरी ‘स्मॉल क्यू लावून चालवून बघ’, म्हणजे स्वतःची सेटिंग वगळणारा ऑप्शन देऊन बघ, असं सुचवलं. तसं करूनही दोन्ही तक्रारी कायम राहिल्या, म्हणून आता सेटिंगचं सगळं फोल्डर उडवून पहिल्यापासून सुरुवात करावी का, असं तुम्ही विचारलंय.

उडवू नका. त्या फोल्डरमध्ये फक्त सेटिंग नसतात. उतरवलेली पॅकेजेस, अलीकडच्या फाइलींची यादी, शब्दसंक्षेप, बुकमार्क असं बरंच काही तिथेच असतं. शिवाय फोल्डर हलवून एडिटर एकदा जरी चालू केला, तरी तो त्याच नावाचं नवं फोल्डर तयार करतो आणि मग जुनं-नवं एकत्र करत बसावं लागतं. आणि एवढं करूनही दोष त्या फोल्डरमध्ये नसेल, तर हाती काहीच लागत नाही. तुमच्या वर्णनावरून तो बहुधा तिथे नाहीच.

कोरा एडिटर सुरू करण्यामागे एकच प्रश्न असतो: बिघाड माझ्या सेटिंगमुळे होतोय की त्याच्या बाहेरच्या कशामुळे? पण उत्तरावर भरवसा ठेवायचा, तर दिलेल्या ऑप्शनने नेमकं काय बंद झालं आणि काय चालूच राहिलं हे माहीत असायला हवं. तुमची अडचण इथेच झाली आहे. स्मॉल क्यूने एक थर बंद झाला, बाकीचे चालू राहिले आणि तुम्ही निष्कर्ष मात्र ‘कोऱ्या एडिटरमध्येही बिघाड आहे’ असा काढलात.

आधी हे थर बघू. एडिटरच्या स्वतःच्या मूळ सेटिंगनंतर संपूर्ण मशीनसाठीची सेटिंग येतात. ती लिनक्सच्या वितरणाने किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठेवलेली असतात आणि बहुतेकांना ती असल्याचंच ठाऊक नसतं. मग तुमच्या होम फोल्डरमधली फाइल, त्यानंतर पॅकेजेस किंवा प्लगइन. मागच्या वेळी साठवलेली हिस्ट्री आणि रजिस्टर (कॉपी केलेला मजकूर ठेवायच्या जागा) हा आणखी एक थर. शेलमधले, म्हणजे टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममधले, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळणाऱ्या किमती) वेगळेच. फाइल उघडली की त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधली सेटिंग वाचली जातात आणि कधीकधी खुद्द फाइलमध्येच एडिटरसाठी लिहिलेल्या ओळीही. एडिटर टर्मिनलमध्ये चालत असेल, तर टर्मिनल आणि टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) यांची स्वतःची कळांची व्यवस्था बाहेरून लागू होते ती निराळी.

खाली आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चारावरून देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. जिथे लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो, तिथे स्मॉल किंवा कॅपिटल असं स्पष्ट म्हटलं आहे.

इमॅक्सपासून सुरुवात करू. एक आडवी रेघ आणि स्मॉल क्यू दिला की तुमची स्वतःची इनिट फाइल, म्हणजे सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल, वाचली जात नाही. सोबत ‘डिफॉल्ट’ नावाची मशीनची एक फाइलही वगळली जाते. पण ‘साइट-स्टार्ट’ नावाची, मशीनवरच्या सगळ्यांसाठी असलेली फाइल मात्र वाचली जाते. वितरणाने बसवलेली इमॅक्सची जादा पॅकेजेस बहुतेकदा याच वाटेने आत येतात. कॅपिटल क्यू दिला की ती फाइल वगळली जाते, साइट-लिस्प ही मशीनवरच्या सगळ्यांसाठीची फोल्डर शोधमार्गातून (एडिटर जिथे फाइली शोधतो त्या यादीतून) काढली जातात, स्वागताचा पडदा दिसत नाही आणि एक्स रिसोर्स, म्हणजे ग्राफिकल डेस्कटॉपवर बाहेरून लागू होणारे फॉन्ट-रंग, तेही वाचले जात नाहीत. म्हणजे कॅपिटल क्यू हा स्मॉल क्यूसकट पाच ऑप्शनचा गठ्ठा आहे. बिघाडाचा शोध घ्यायचा असेल तर सरळ कॅपिटल क्यूच वापरा. स्मॉल क्यूचा उपयोग नंतर होतो. कॅपिटलमध्ये बिघाड नाही आणि स्मॉलमध्ये आहे असं दिसलं, तर दोष मशीनच्या सेटिंगमध्ये किंवा एक्स रिसोर्समध्ये आहे हे लगेच कळतं.

याच्याच जवळची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण स्क्रिप्ट लिहिणारे हमखास इथे अडकतात. इमॅक्स ‘बॅच’ ऑप्शन देऊन, म्हणजे खिडकी न उघडता फक्त आज्ञा चालवण्यासाठी, सुरू केला की तुमची इनिट फाइल आपोआप वगळली जाते, पण साइट-स्टार्ट तरीही वाचली जाते. एका मशीनवर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर वेगळी वागत असेल, तर बॅचसोबत कॅपिटल क्यूही लावा.

आपण खरोखर कोऱ्या इमॅक्समध्ये आहोत का, हे आधी तपासायला हवं. कंट्रोल-एच आणि व्ही दाबून ‘यूझर-इनिट-फाइल’ या व्हेरिएबलची किंमत बघा. ती निल (म्हणजे काहीच नाही) असेल तर तुमची फाइल वाचली गेलेली नाही. तिथे एखाद्या फाइलचा मार्ग दिसला तर तुमचा ऑप्शन पोहोचलाच नाही. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. एक कारण शेलमधला एलियस. ‘इमॅक्स’ या शब्दामागे तुम्ही कधीतरी भलतंच काही जोडून ठेवलेलं असू शकतं. ‘टाइप’ ही शेलची आज्ञा त्या नावाला लावली की खरं काय चालतं ते दिसतं. दुसरं आणि नेहमीचं कारण इमॅक्सक्लायंट. तो आधीपासून चालू असलेल्या इमॅक्सला जाऊन चिकटतो. तो इमॅक्स सकाळी तुमच्या सगळ्या सेटिंगसकट सुरू झालेला असतो. क्लायंटला काहीही ऑप्शन दिले तरी ती सेटिंग उतरत नाहीत. गिटच्या (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) कमिटसाठी, म्हणजे बदल नोंदवताना, उघडणारा एडिटर बऱ्याच जणांकडे हाच असतो.

इनिट फाइल नेमकी कोणती, याचाही घोळ असतो. होम फोल्डरमध्ये ‘डॉट इमॅक्स’ नावाची फाइल असेल, तर ‘डॉट इमॅक्स डॉट डी’ या फोल्डरमधली ‘इनिट डॉट ईएल’ वाचली जात नाही. आवृत्ती २७ पासून ‘डॉट कॉन्फिग’मधलं इमॅक्स फोल्डरही चालतं, पण जुनी ठिकाणं अस्तित्वात असतील तर मान त्यांनाच. त्यामुळे एखादी विसरलेली जुनी फाइल राज्य करत असते आणि माणूस भलत्याच फाइलमध्ये बदल करत राहतो. हे तुमच्याबाबतीत होतंय का, हेही ‘यूझर-इनिट-फाइल’ची किंमत नेहमीच्या सत्रात बघितली की कळेल.

आवृत्ती २७ मध्येच ‘अर्ली-इनिट’ ही आणखी एक फाइल आली. ती मुख्य इनिटच्या आधी, पॅकेजेस सक्रिय होण्याच्याही आधी वाचली जाते. दोन्ही क्यू तिलाही वगळतात, पॅकेजेसही सक्रिय होत नाहीत. पण एक लक्षात ठेवा, कॅपिटल क्यू वाचन थांबवतो, लेखन नाही. तुमचं फोल्डर तेच राहतं. कोऱ्या सत्रात एखादं पॅकेज बसवलंत तर ते तुमच्या नेहमीच्याच पॅकेज फोल्डरमध्ये जाऊन बसतं. कस्टमाइझच्या खिडकीतून केलेला बदल कायमचा साठवायला गेलात तर मात्र इमॅक्स नकार देतो, कारण तसं केल्यास आधीचे बदल पुसले गेले असते. ही काळजी इमॅक्सच्या कर्त्यांनी मुद्दाम घेतली आहे आणि ती फार मोलाची आहे.

पूर्ण वेगळी खोलीच हवी असेल, तर आवृत्ती २९ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये आलेला ‘इनिट-डिरेक्टरी’ हा ऑप्शन वापरा. त्याला एक रिकामं फोल्डर द्यायचं. मग पॅकेजेस, हिस्ट्री सगळं तिथेच घडतं आणि नेहमीचं फोल्डर अस्पर्श राहतं. नवं पॅकेज आजमावून बघायचं असेल तर मी कॅपिटल क्यूपेक्षा हाच रस्ता सुचवेन.

इमॅक्स सुरू होतानाच इनिटमधली चूक दाखवून अर्ध्यावर थांबत असेल, तर कोऱ्या सुरुवातीचीही गरज नाही. ‘डीबग-इनिट’ ऑप्शन द्या. चूक कुठल्या आज्ञेत झाली, ती आज्ञा कोणी बोलावली, हे सगळं समोर येतं.

आता विम. इथे ऑप्शन जास्त आहेत आणि त्यांच्या नावांवरून त्यांचा खरा परिणाम कळत नाही. बरेच जण स्मॉल यू आणि कॅपिटल अक्षरांत ‘नन’ हा जुना प्रकार वापरतात. त्याने तुमची विमआरसी (विमची सेटिंगची फाइल), मशीनची विमआरसी आणि प्लगइन हे सगळं खरोखर वगळलं जातं. पण सोबत एक अनपेक्षित गोष्ट होते: विम ‘कम्पॅटिबल’ अवस्थेत, म्हणजे जुन्या व्हीआयसारखा सुरू होतो. लिहिताना बाणाची कळ दाबली की कर्सर हलण्याऐवजी ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटू शकतात. यू दोनदा दाबला की दोन पायऱ्या मागे जाण्याऐवजी पहिलीच पायरी परत येते. हे पाहून माणसाला वाटतं की कोरा विमसुद्धा बिघडलेला आहे, म्हणजे दोष टर्मिनलचा. तो दोष नसतो, ती त्या अवस्थेची रीत असते. सोबत कॅपिटल एन दिला की कम्पॅटिबल बंद राहतं.

याच्याशेजारी ‘एनओआरसी’ हा प्रकार आहे. तो विमआरसी वगळतो, पण प्लगइन चालू ठेवतो. ‘नोप्लगइन’ याच्या अगदी उलट, विमआरसी वाचतो आणि प्लगइन वगळतो. हे दोन्ही आलटून-पालटून चालवले की दोष कोणत्या बाजूला आहे ते दोन मिनिटांत समजतं.

पण रोजच्या तपासासाठी दोन आडव्या रेघा आणि ‘क्लीन’ हाच ऑप्शन सर्वांत उपयोगी. तो तुमची विमआरसी आणि जीविमआरसी (ग्राफिकल विमची तशीच फाइल) वगळतो, विमइन्फो (हिस्ट्री साठवणारी फाइल) वाचत नाही आणि लिहीतही नाही, शिवाय होम फोल्डरमधली विमची फोल्डरं शोधमार्गातून काढून टाकतो, त्यामुळे तिथली प्लगइन आणि पॅकेजेस सापडतच नाहीत. कम्पॅटिबल बंद राहतं. विमसोबत येणारी ‘डिफॉल्ट्स डॉट विम’ ही फाइल मात्र वाचली जाते, त्यामुळे नव्याने बसवलेला विम जसा वागतो तसाच हा वागतो. सर्व्हर जुना असेल आणि हा ऑप्शन ओळखलाच गेला नाही, तर कॅपिटल एन, यू नन आणि आय नन असे तिन्ही एकत्र द्या. काम भागतं.

डिफॉल्ट्स ही फाइल आवृत्ती ८ मध्ये, २०१६ मध्ये आली, आणि तिच्यामुळे एक बारीक फरक निर्माण झाला. तुमची विमआरसी अस्तित्वातच नसेल तर डिफॉल्ट्स वाचली जाते. विमआरसी असेल, अगदी रिकामी असली तरी, वाचली जात नाही. म्हणून ‘मी विमआरसीतलं सगळं पुसलं, म्हणजे आता विम कोरा’ हे खरं नाही. रिकाम्या फाइलचा विम, फाइलच नसलेला विम आणि ‘क्लीन’ने उघडलेला विम यांतला पहिला इतर दोघांपेक्षा वेगळा वागतो. उदाहरणार्थ, डिफॉल्ट्समुळे माउस चालू होतो. मग टर्मिनलमधून मजकूर निवडून कॉपी करायला गेलं की ती निवड विम स्वतःकडे घेतो. रिकाम्या विमआरसीत हे घडत नाही.

विममध्ये काय वाचलं गेलं ते बघायला ‘स्क्रिप्टनेम्स’ ही आज्ञा आहे. तिने सत्रात वाचलेल्या प्रत्येक स्क्रिप्टची क्रमाने यादी मिळते. एखादं सेटिंग कोणी लावलं हे हवं असेल, तर ‘व्हर्बोज सेट’ म्हणून त्यापुढे सेटिंगचं नाव आणि प्रश्नचिन्ह द्या. शेवटचा बदल कोणत्या फाइलने केला, ते विम सांगतो. कळांसाठी ‘व्हर्बोज मॅप’. मला या दोन आज्ञा कोऱ्या सुरुवातीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण पुष्कळदा यांच्यामुळे कोरी सुरुवात करायची वेळच येत नाही. ‘व्हर्जन’ ही आज्ञा मशीनची आणि तुमची विमआरसी कुठे शोधली जाते ते मार्ग दाखवते. सर्व्हरवर अनेकदा विमची अगदी छाटलेली आवृत्ती बसवलेली असते, त्यात अनेक सोयीच नसतात, हेही तिथेच दिसतं. अशा वेळी सेटिंगला दोष देण्यात अर्थ नसतो.

विमपासून निघालेल्या निओविम या एडिटरची तऱ्हा थोडी वेगळी. त्याचाही ‘क्लीन’ आहे. तो तुमचं कॉन्फिग (सेटिंग) आणि शाडा, म्हणजे हिस्ट्रीची, फाइल वगळतो, पण निओविमसोबतच येणारी प्लगइन चालू ठेवतो. आवृत्ती ०.९ पासून एडिटरकॉन्फिगचा (प्रोजेक्टची टॅब वगैरे सेटिंग अनेक एडिटरांना एकाच फाइलमधून सांगण्याच्या पद्धतीचा) आधार त्याच्यात अंगभूत आहे आणि तो मुळातच चालू असतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, किंवा त्याच्या वरच्या कुठल्याही फोल्डरमध्ये, ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ फाइल असेल तर तिच्यातली टॅबची रुंदी ‘क्लीन’मध्येही लागू होते. त्याच आवृत्तीत ‘एनव्हिम-ॲपनेम’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आला. त्याला वेगळं नाव दिलं की निओविम वेगळंच कॉन्फिग फोल्डर वापरतो. इमॅक्सच्या इनिट-डिरेक्टरीचं काम इथे त्याने होतं.

बाकीच्यांचं भराभर सांगतो. नॅनोला कॅपिटल आय दिला की मशीनची आणि तुमची, दोन्ही नॅनोआरसी वगळल्या जातात. सब्लाइम टेक्स्टला ‘सेफ-मोड’ आहे. नोटपॅड प्लस प्लसला ‘नोप्लगइन’ आहे, तो फक्त प्लगइन बंद करतो. व्हीएस कोडमध्ये ‘डिसेबल-एक्स्टेन्शन्स’ने तुम्ही बसवलेली एक्स्टेन्शन बंद होतात, पण तुमची सेटिंग आणि कळा तशाच राहतात आणि सोबत आलेली एक्स्टेन्शनही चालूच असतात. खरोखर कोरं हवं असेल तर ‘यूझर-डेटा-डिर’ आणि ‘एक्स्टेन्शन्स-डिर’ या दोन्हींना रिकामी फोल्डरं द्या, आणि त्या कोऱ्या खिडकीत सेटिंग सिंकसाठी लॉगिन करू नका, नाहीतर सगळं पुन्हा खाली उतरेल. प्रोजेक्टमधलं ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डर तरीही वाचलं जातंच.

कुठलाही एडिटर चालेल असा एक सरधोपट उपायही आहे: ‘होम’ हा व्हेरिएबल त्या एका आज्ञेपुरता एखाद्या तात्पुरत्या रिकाम्या फोल्डरकडे वळवायचा. ‘एमकेटेम्प’ला स्मॉल डी दिला की असं फोल्डर मिळतं. कॉन्फिगची जागा सांगणारा ‘एक्सडीजी’चा व्हेरिएबल तुम्ही लावलेला असेल तर तोही वळवावा लागतो. मी हा उपाय शेवटी ठेवतो. याने एडिटरसोबत गिटलाही तुमची सेटिंग दिसेनाशी होतात, शब्दलेखन तपासणीचा तुमचा कोश गायब होतो आणि मग नव्याच तक्रारी उभ्या राहतात, ज्यांचा मूळ बिघाडाशी काही संबंध नसतो. सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने, एडिटर उघडला की काही वेळा नकळत हेच होतं. वाचली जातात ती रूटची सेटिंग आणि माणूस म्हणतो, ‘सुडोने उघडलं की नीट चालतं, म्हणजे परवानगीचा घोळ.’ परवानगीचा काही संबंध नसतो. सिस्टमची फाइल संपादायची असेल तर सुडोएडिट वापरा, त्यात एडिटर तुमच्याच नावाने आणि तुमच्याच सेटिंगने चालतो.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग: कोऱ्या सुरुवातीनंतरही काय उरतं. इमॅक्सचा कॅपिटल क्यू प्रोजेक्टच्या फोल्डरमधली ‘डॉट डिर-लोकल्स’ फाइल थांबवत नाही. ती फाइल उघडणाऱ्याची नसते, प्रोजेक्टची असते, म्हणून फाइल उघडली की ती वाचली जाते, आणि वरच्या फोल्डरांमध्येही शोधली जाते. फाइलच्या पहिल्या ओळीत किंवा शेवटी लिहिलेले लोकल व्हेरिएबलही लागू होतात. विममध्ये याचंच नाव मोडलाइन. हे थर वेगळे काढायची माझी पद्धत साधी आहे. फाइलची प्रत एका रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये करायची आणि ती कोऱ्या एडिटरने उघडायची. वागणूक बदलली तर दोष प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये. नाही बदलली तर फाइलची पहिली आणि शेवटच्या काही ओळी वाचायच्या. प्रतीवर काम केल्याचा आणखी फायदा म्हणजे मूळ फाइल दुसऱ्या सत्रात उघडी असेल तर विमचा स्वॉप फाइलचा इशारा मध्ये येत नाही.

यावरून एक धोक्याची सूचना. कोरी सुरुवात ही संशयास्पद फाइल उघडण्यासाठीचं संरक्षण नव्हे. २०१९ मध्ये विमच्या मोडलाइनमधून फाइल उघडताच हवी ती आज्ञा चालवता येण्याची त्रुटी सापडली होती. ती ८.१.१३६५ या पॅचमध्ये दुरुस्त झाली. मोडलाइन तुमच्या विमआरसीत नसते, ती समोरच्या फाइलमध्ये असते, त्यामुळे तुमची सेटिंग वगळून त्यापासून बचाव होत नाही. अशा फाइलीसाठी मोडलाइन बंद ठेवा आणि एडिटर अद्ययावत ठेवा.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही उरतात. भाषेचं लोकेल, टर्मिनलचा प्रकार सांगणारा ‘टर्म’, इमॅक्सचा लोडपाथ हे सगळे शेलकडून येतात. देवनागरी लिहिणाऱ्यांना हा भाग खास उपयोगी पडतो. जोडाक्षरं तुटलेली दिसत असतील, वेलांटी भलत्या अक्षरावर चढत असेल, तर ग्राफिकल इमॅक्स कॅपिटल क्यूने उघडून बघा. तिथे नीट दिसलं तर तुम्ही निवडलेला फॉन्ट किंवा एखादं पॅकेज तपासा. टर्मिनलमध्ये मात्र अक्षरं रेखाटण्याचं काम टर्मिनलच करतं, एडिटर फक्त वर्ण पाठवतो. तिथे विमची सेटिंग कितीही पुसली तरी चित्र बदलणार नाही, टर्मिनल बदलून बघावं लागतं.

समजा, कोऱ्या एडिटरमध्ये बिघाड गेला. म्हणजे दोष तुमच्या सेटिंगमध्ये. आता इनिट फाइल वरून खाली वाचत बसू नका. अर्धी करा. विमआरसीच्या मध्यावर ‘फिनिश’ एवढा शब्द एका ओळीत लिहिला की त्याखालचं काहीच वाचलं जात नाही. बिघाड राहिला तर तो वरच्या अर्ध्यात, गेला तर खालच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. हजार ओळींची फाइल असली तरी दहा फेऱ्यांत एका ओळीपर्यंत पोहोचता येतं. इमॅक्समध्ये कॅपिटल क्यूने सुरू करून स्मॉल एलने तुमच्या इनिटची छाटलेली प्रत वाचायला लावा. तिच्या सुरुवातीला पॅकेजेस सक्रिय करणारी ओळ स्वतः घालावी लागते, कारण कॅपिटल क्यूने ती पायरी वगळलेली असते. ही ओळ विसरली तर प्रत्येक फेरीत ‘पॅकेज सापडत नाही’ एवढंच ऐकायला मिळेल. हे काम आपोआप करणारं ‘बग-हंटर’ नावाचं पॅकेजही इमॅक्ससाठी आहे आणि व्हीएस कोडमध्ये ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ अंगभूत आहे. दोन सेटिंगचं आपसांत पटत नसेल, तर दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे निर्दोष दिसतात. तसं झालं तर एक अर्धा कायम पूर्ण ठेवा आणि दुसऱ्याचाच छाट करत जा.

इमॅक्समध्ये आणखी एक पेच असतो. ‘ईएल’ फाइलमध्ये दुरुस्ती केली, पण शेजारी तिची जुनी कंपाइल केलेली ‘ईएलसी’ पडून असेल, तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे जुनीच उचलली जाते. बदल करूनही काही फरक पडत नाही असं दिसलं की आधी हे बघा. ‘लोड-प्रिफर-न्यूअर’ चालू केला की नवी फाइल निवडली जाते.

आणि कोऱ्या एडिटरमध्ये, प्रतीवर, रिकाम्या फोल्डरमध्येही बिघाड राहिला, तर तो कळवण्यालायक आहे. इमॅक्सचे कर्ते कॅपिटल क्यूपासून सुरू होणारी कृतीच मागतात, कारण तेवढीच त्यांना त्यांच्या मशीनवर जशीच्या तशी करून बघता येते. एडिटर कसा उघडला, कुठल्या कळा क्रमाने दाबल्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. ‘रिपोर्ट-इमॅक्स-बग’ ही आज्ञा आवृत्ती वगैरे माहिती स्वतः भरते, पण ती कोऱ्या सत्रातूनच चालवा. निओविममध्ये ‘चेकहेल्थ’ या त्याच्या स्वतःच्या तपासणीचा निकाल सोबत जोडा.

तुमच्या दोन तक्रारींकडे येतो. टॅबची तक्रार एकाच प्रोजेक्टमध्ये आहे आणि तुमची इनिट वगळूनही टिकते, म्हणून मी पहिला संशय डिर-लोकल्सवर घेईन. प्रोजेक्टच्या मुळाशी आणि त्याच्याही वरच्या फोल्डरांत ती फाइल आहे का बघा. फाइल उघडी असताना ‘टॅब-विड्थ’ची माहिती कंट्रोल-एच, व्हीने विचारलीत तर ती किंमत डिर-लोकल्समधून आल्याचं इमॅक्स तिथेच सांगतो. सापडली तर लगेच बदलू नका. ती प्रोजेक्टमधल्या सगळ्यांनी मान्य केलेली असेल, तर बदल तुमच्या सवयीत करायचा की फाइलमध्ये, हे त्यांना विचारून ठरवा. तिथे काहीच नसेल तर चारची रुंदी तुमच्याच इनिटमधून येत होती का, हे तपासा. इमॅक्सची मुळातली टॅब-रुंदी आठच आहे, त्यामुळे क्यूने उघडल्यावर आठ दिसणं हा बिघाड नसूही शकतो. त्यासाठी नेहमीच्या सत्रात, याच प्रोजेक्टच्या बाहेरची एक फाइल उघडून तुलना करा.

सेव्ह करतानाच्या अडकण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: ती फाइल कुठल्या डिस्कवर आहे? नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये असेल, तर इमॅक्सचा अंगभूत ‘व्हीसी’ (व्हर्जन कंट्रोल) भाग गिटची स्थिती विचारायला जातो आणि नेटवर्क संथ असलं की तिथे वेळ जातो. हा भाग इमॅक्ससोबतच येतो, म्हणून कॅपिटल क्यूनेही तो बंद होत नाही. कोऱ्या सत्रात ‘व्हीसी-हँडल्ड-बॅकएंड्स’ला निल करा, फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि सेव्ह करून बघा. वेग आला तर कारण सापडलं. नाही आला, तर त्याच फाइलची प्रत मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर करून तीच कृती करा आणि फाइलमध्ये हजारो अक्षरांची एखादी अखंड ओळ आहे का तेही बघा. २९ च्या आधीच्या आवृत्त्या अशा ओळींवर फार रखडतात. या तिन्ही चाचण्यांचा निकाल आणि तुमच्या इमॅक्सची आवृत्ती कळवलीत, तर पुढचं पाऊल नेमकं सांगता येईल.